‘काय करतोयस?’ ‘काही नाही.’



शाळेतली पालकसभा संपली की काही आई-बाबा मागे रेंगाळतात. गुणांबद्दल बोलून झालेलं असतं, तरी त्यांचा पाय निघत नाही. मग आवाज खाली करून विचारतात, ‘बाई, हा सारखा फोनवर टाइप करत असतो. परवा मी हळूच उघडून बघितलं. काहीच नव्हतं हो त्यात! काय करतोयस, काही नाही, तू, सेम. तासभर हेच चाललेलं. याला काही अर्थ आहे का?’ भलतंसलतं काही सापडलं नाही म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. पोराचा एक तास असा वाया गेला म्हणून चीडही दिसते.

आज या प्रश्नावर तुम्हा पालकांशी मनमोकळं बोलायचं आहे. दिवसभर आपण सगळेच एकमेकांना जे पाठवत असतो, त्यात अर्थ असतो का? मुलांचं तर बघूच, पण आपल्या स्वतःच्या फोनमध्येही जरा डोकावू. कारण शब्दाची किंमत काय असते, हे मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

आधी मुलांच्या बाजूने बोलते. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर तिथल्या लोकांबरोबर राहिले होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी नोंदवलं की माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत. आपण एकमेकांचे आहोत, सोबत आहोत, एवढीच खात्री देण्या-घेण्यासाठी बोलतात. आपल्याला हे समजायला बेटांवर जायची गरज नाही. पारावर बसलेला म्हातारा ‘काय म्हणतोय पाऊस?’ असं विचारतो तेव्हा पाऊस दोघांच्याही डोळ्यांसमोर पडत असतो. शेजारीण ‘झाला का स्वयंपाक?’ म्हणते तेव्हा तिला भाजी कोणती केली याची चौकशी करायची नसते. तिला तुमच्या दारात दोन मिनिटं थांबायचं असतं.

मुलांचं ‘काय करतोयस, काही नाही’ हे त्याच जातीचं आहे. पूर्वी शाळा सुटल्यावर मुलं मैदानावर, चाळीच्या गॅलरीत, कट्ट्यावर भेटायची. तिथेही ती काही मोठ्या विषयांवर चर्चा करत नव्हती. आता शाळेची बस सुटली की एक जण एका उपनगरात, दुसरा दुसऱ्या. मग क्लास, मग घर, मग बंद दार. त्यांचा कट्टा आता फोनमध्ये आहे. ‘काही नाही’ म्हणजे ‘मी इथे आहे, तू आहेस ना?’ चौदा वर्षांच्या पोराला हे रोज कुणीतरी विचारावंसं वाटतं आणि रोज कुणीतरी उत्तर द्यावंसं वाटतं, यात हसण्यासारखं काही नाही. त्याची ती गरज खरी आहे.

जाता जाता एक सांगते. मुलाचा फोन हळूच उघडून बघू नका. लहान वयात बघणं गरजेचं असतं, पण ते त्याला सांगून, त्याच्यासमोर. व्हॉट्सॲप वापरायला किमान तेरा वर्षं पूर्ण हवीत, अशी त्या ॲपचीच अट आहे. सातवीच्या आत फोन हातात द्यावा लागलाच, तर ‘मी अधूनमधून बघणार’ हे पहिल्या दिवशीच ठरवा. चोरून वाचलेलं मुलांना कळतं आणि मग ती दुसरं खातं उघडतात.

फोनमधल्या या कट्ट्यावर एक गोष्ट मात्र अशी आहे जी जुन्या कट्ट्यावर नव्हती. तिथे हिशेब ठेवला जातो. स्नॅपचॅटवर ‘स्ट्रीक’ नावाचा प्रकार आहे. दोघांनी दर चोवीस तासांत एकमेकांना निदान एक फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा. सलग काही दिवस जमलं की मित्राच्या नावापुढे ज्वाळेचं चित्र येतं आणि शेजारी दिवसांचा आकडा वाढत जातो. मुदत संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं. त्या आकड्यासाठी मुलं छताचा फोटो पाठवतात, पांघरुणाचा पाठवतात, अंधाराचाही पाठवतात. गावी रेंज नसेल तर आपला पासवर्ड मैत्रिणीकडे देऊन जातात, म्हणजे तिने यांच्या नावाने रोज काहीतरी पाठवावं. इथे माझं मत स्पष्ट आहे. ‘काही नाही’मध्ये मैत्री आहे. छताच्या फोटोत उरलाय तो फक्त आकडा, आणि तो वाढल्याने फायदा होतो ॲप चालवणाऱ्या कंपनीचा. हे मुलांना रागावून सांगू नका, समजावून सांगा. आकडा तुटल्यावर जी मैत्री तुटते, तिचं काय करायचं, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. आठवी-नववीतली मुलं यावर फार नीट विचार करतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

निळ्या टिकांचंही तसंच. व्हॉट्सॲपने त्या २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आणल्या. तोवर मेसेज पोचला एवढंच कळायचं, आता वाचल्याचंही कळायला लागलं. तेव्हापासून ‘सीन करून सोडलं’ हे एक दुःख मुलांच्या आयुष्यात आलं. मोठ्यांच्याही आलं. वाचून उत्तर न देणारी मैत्रीण कदाचित जेवायला बसली असेल, तिच्या घरी पाहुणे असतील, तिला काय लिहावं सुचत नसेल. पण टीक या शक्यता दाखवत नाही. मुलगी रात्री अकरा वाजता त्या दोन निळ्या खुणांकडे बघत असते आणि आपल्याला वाटतं, ही अजून गप्पाच मारतेय. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. पुष्कळ पालकांना ते ठाऊक नसतं. मुलीबरोबर बसून ती बंद करून बघा.

आता आपल्या फोनकडे वळू.

सकाळी उठल्यावर गुलाबाचं फूल, चहाचा कप, उगवता सूर्य आणि त्यावर एक सुविचार. २०१८ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकी वृत्तपत्राने बातमी दिली होती, की भारतीयांचे फोन भरून बंद का पडतात हे शोधताना गुगलच्या लोकांना ही शुभ सकाळची चित्रं सापडली. तयार शुभेच्छा हा काही आजचा शोध नाही. आपल्या तारखात्यानेही लग्न, परीक्षा, दिवाळी अशा प्रसंगांसाठी ठराविक मजकूर क्रमांक देऊन ठेवले होते. तार करणाऱ्याने क्रमांक सांगितला की तिकडे पूर्ण वाक्य पोचायचं. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. शब्द तिथेही स्वतःचे नव्हते, तरीही लग्नघरात तार आली की ती सगळ्यांसमोर वाचली जायची. का? कारण कुणीतरी तुमची आठवण काढून, कामातून वेळ काढून, पोस्टापर्यंत चालत जाऊन, पैसे मोजून ती एका पत्त्यावर, तुमच्याच नावाने पाठवलेली असायची. शब्द तयार होते, पण ते धाडण्यासाठी घेतलेले श्रम तयार मिळत नव्हते. एकाच वेळी शे-दीडशे जणांना गेलेल्या गुलाबात तेवढं नसतं.

पण इथे मला थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घरातले आजी-आजोबा हे गुलाब पाठवतात तेव्हा मुलांसमोर त्यांना हसू नका. निवृत्त माणसाचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि त्याला बोलायला कुणी जागं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाचा सकाळी साडेसहाचा मेसेज सांगत असतो, ‘मी उठलो आहे, बरा आहे.’ एके सकाळी तो आला नाही की मुलगी दहा वाजता फोन करते. पुण्यात, मुंबईत, मुलं परदेशात असलेल्या कितीतरी घरांत आज हीच विचारपूस आहे. त्या चित्राखालचा सुविचार कुणी वाचत नाही आणि वाचायची गरजही नाही. मुलाला एवढंच सांगा, आजोबांना अंगठा पाठवू नकोस, दोन शब्द लिही. ‘आबा, आज गणिताचा पेपर आहे’ इतकं पुरे. आबा दिवसभर त्या पेपरची वाट बघतील.

मला खरी काळजी वाटते ती दुःखाच्या मेसेजांची. कुणी गेल्याची बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर येते. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते, एकाखाली एक, बहुतेक वेळा आधीच्याचंच कॉपी केलेलं. हात जोडलेले इमोजी. रांग संपायच्या आत कुणीतरी भाचीच्या वाढदिवसाचा केक टाकतं आणि त्याच लोकांचे फुगे सुरू होतात. तुमच्या शेजारी सोफ्यावर बसलेलं मूल हे सगळं बघत असतं. मरणाच्या बातमीला काय करायचं असतं, याचा त्याला दिसलेला धडा इतकाच, की अंगठा दोनदा हलवायचा आणि जेवायला बसायचं.

आपल्याकडे भेटायला जाण्याची रीत आहे. तिथे फारसं बोलायचं नसतं, हेही मुलांना बघून कळतं. शक्य असेल तिथे मुलाला बरोबर न्या, पाच मिनिटं बसू द्या. लांब असेल तर फोन करा आणि मुलाच्या देखत करा. फोनही शक्य नसेल तर लिहा, पण गेलेल्या माणसाबद्दल लिहा. ‘काकांनी मला सायकल शिकवली होती’ हे एक वाक्य. त्या घरातल्या माणसांना ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटेल, कारण ते दुसऱ्या कुणी लिहूच शकलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर, सेथ पोलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग केला. मुलींना अनोळखी माणसांसमोर उभं राहून भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. साहजिकच त्या घाबरल्या, ताण वाढला की वाढणारं कॉर्टिसॉल त्यांच्या शरीरात वाढलं. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, जवळ घेऊन बोलली. काहींशी आई फोनवर बोलली. काहींना आई भेटलीच नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असं दिसलं, की नुसता फोनवरचा आवाज ऐकूनही मुलींचा ताण उतरला आणि जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं, जवळजवळ कुशीत घेतल्यासारखंच. २०१२ मध्ये त्यांनी चौथा गट जोडला. या मुलींना आईने धीर दिला तो मेसेज लिहून. त्यांचा ताण आई न भेटलेल्या मुलींइतकाच राहिला आणि ऑक्सिटोसिन वाढलं नाही. प्रयोग लहान होता, मुलींपुरता होता, त्यावरून साऱ्या जगाचा नियम काढू नये. पण आई असलेल्या कुणालाही तो पटेल. ‘घाबरू नकोस, मी आहे ना’ हे शब्द तेच असतात. धीर मात्र आवाजातून पोचतो.

म्हणून मुलगा घाबरलेला असेल तेव्हा लिहू नका. परीक्षेच्या केंद्राबाहेरून ‘आई भीती वाटतेय’ असं आलं तर ‘ऑल द बेस्ट’ आणि चार हृदयं पाठवण्यापेक्षा ऑफिसच्या जिन्यात जाऊन एक मिनिट बोला. काय बोललात ते त्याला आठवणारही नाही.

आणि रागावलेले असाल तेव्हा तर मुळीच लिहू नका. ‘घरी ये, मग बघते.’ असे चार शब्द लिहून आपण आपल्या कामाला लागतो. तिकडे मूल क्लासमध्ये बसलेलं असतं. पुढचा दीड तास त्याच्या डोक्यात त्या चार शब्दांखेरीज काही शिरत नाही. काय झालं असेल, कुणी सांगितलं असेल, बाबांनाही कळलं असेल का? निकालाच्या दिवसांत असे मेसेज घेऊन फिरणारी मुलं मी शाळेच्या आवारात पाहिली आहेत. बस सोडून देतात, घरी जायला घाबरतात. संध्याकाळपर्यंत आईचा राग उतरलेला असतो, तिला आपण काय लिहिलं होतं हेही लक्षात नसतं. पण लिहिलेलं मुलाच्या फोनमध्ये तसंच असतं आणि ते तो शंभर वेळा वाचतो, दर वेळी जास्त कडक आवाजात.

कौतुकाचीही गंमत होऊ शकते. ‘वा! छान!’ एवढंच लिहिलंत आणि मुलाला एकसष्ट टक्के मिळालेले असतील, तर तो टोमणा समजायचा की शाबासकी? जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशीच एक चाचणी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने, कधी आवाजातून आणि कधी ई-मेलने एकमेकांना पाठवली. आपला सूर समोरच्याला कळेल असं पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे सारखंच, सुमारे ७८ टक्के वेळा वाटलं. आवाजातून तो ७३ टक्के वेळा कळला. लेखी मजकुरातून ५६ टक्के, म्हणजे नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, म्हणून तो मजकुरातही आहे असं वाटतं. वाचणाऱ्याला फक्त अक्षरं मिळतात. आणि चिंतेत असलेलं मूल त्या अक्षरांना सगळ्यात वाईट सूर लावून वाचतं.

पालकांच्या ग्रुपबद्दल थोडंच बोलते, पण जे बोलते ते काळजावर दगड ठेवून. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा त्या दिवसांत राज्यभर मोबाइलवर फिरत होत्या. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, जमावाने टोळीतली समजून ठेचून मारली. देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंमधला एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. पळवलेलं मूल लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत किती आया होत्या, किती बाबा होते, याचा विचार करा. त्यांनी ते दुष्टपणाने नाही, मुलांच्या काळजीपोटी पाठवले. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं’ हे वाक्य आजही आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला येतं. खरं-खोटं माहीत नसेल तर ते पाठवायचं नाही. आणि न पाठवण्याचं कारण मुलाला मोठ्याने सांगायचं.

मग फोन बंदच ठेवावेत का? सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा सुरू. तो वेळ मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा, घरात एकमेकांशी बोलण्याचा. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. ज्या घरात मुलाचा फोन काढून घेतला जातो आणि बाबा ऑफिसच्या ग्रुपवर बोटं चालवत राहतात, तिथे मूल शिकतं ते एवढंच, की मोठं झाल्यावर हे करायची परवानगी मिळते.

पण सगळ्यांच्या घरात सातला सगळे नसतात. कुणाचे बाबा आखातात आहेत, कुणाची आई रात्रपाळीला, कुणाची मुलगी दहावीनंतर लातूरला किंवा पुण्याला वसतिगृहात. त्यांच्यामध्ये मेसेज हाच दुवा आहे आणि म्हणून तो काय आहे याला फार महत्त्व आहे. अशा घरांतले आई-बाबांचे मेसेज मुलं मला कधी कधी दाखवतात. जेवलीस का? उठलीस का? क्लासला पोचलीस का? टेस्टमध्ये किती? पैसे पुरताहेत ना? सगळे प्रश्न. प्रत्येकात माया आहे, हे मुलीलाही कळतं. पण अशा बहुतेक प्रश्नांना उत्तर एकच देता येतं, ‘हो’, आणि पुढे बोलणं खुंटतं. मग आपण म्हणतो, ही हल्ली एका शब्दात उत्तर देते.

साने गुरुजींनी अखेरच्या काळात पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ तुमच्यापैकी काहींनी वाचली असतील. त्यांत उपदेश आहे, पण त्याहून जास्त आहे ते गुरुजींनी पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं जग. सुधाची चौकशी करून ते थांबत नाहीत, आपला दिवस तिला देतात. आपण मुलांना आपला दिवस देत नाही. त्यांना ठाऊकच नसतं की बाबांच्या दुकानात आज कोण आलं होतं, आईने मीटिंगमध्ये पहिल्यांदा साहेबांना नाही म्हटलं तेव्हा तिला काय वाटलं, कुंडीतल्या मोगऱ्याला या वर्षी कळ्या उशिरा का आल्या.

तेव्हा आज रात्री ‘जेवलीस का’च्या खाली आणखी एक ओळ लिहा. ‘आज बाजारात पहिला हापूस दिसला, भाव ऐकून परत आले.’ किंवा, ‘तुझ्या जुन्या सायकलवर शेजारचा पिंट्या शिकतोय, दोनदा पडला.’ त्यात प्रश्न नको, सल्ला नको. कदाचित दोन दिवस काही येणार नाही, निळ्या टिका तेवढ्या दिसतील. ‘वाचलंस का?’ असं मात्र विचारू नका. तिसऱ्या दिवशी तुमची स्वतःची दुसरी एखादी बातमी पाठवा.